गुंता की गुंफण: अडकण्या-वळण्याचे शब्द नेमके कसे निवडावेत

प्रश्न असा आहे: विज्ञानाचा मजकूर मराठीत आणताना ‘एन्टँगलमेंट’ला गुंता म्हणावे, गुंतागुंत म्हणावे, की आणखी काही? आणि वळणे, विणणे, अडकणे यांसाठी जुन्या-नव्या भाषांनी जे शब्द वापरले, त्यांतून काही दिशा मिळते का?

मिळते, भरपूर मिळते. आधी उत्तर, मग कारणे. भौतिकशास्त्रातल्या दोन कणांच्या एन्टँगलमेंटसाठी, म्हणजे जोडीची अवस्था सांगता येते पण एकेका कणाची वेगळी सांगता येत नाही अशा नात्यासाठी, ‘परस्परगुंफण’ घ्यावी. बहुवारिकांच्या म्हणजे पॉलिमरच्या लांबलचक रेणूंसाठी ‘गुंता’ घ्यावा. जाळ्यात सापडलेल्या प्राण्यासाठी ‘गुरफटणे’ किंवा ‘अडकणे’. ‘गुंतागुंत’ मात्र यांपैकी कशालाच लावू नये. तो शब्द ‘कॉम्प्लेक्सिटी’साठी राखून ठेवावा. इंग्रजीत एक शब्द आहे म्हणून मराठीतही एकच हवा, हा हट्ट सोडला की निम्मे काम झाले.

निवडीची सर्वांत भरवशाची कसोटी उलट क्रियेत असते. ‘हे सुटते कसे?’ असे विचारावे. गाठ सुटते. गुंता सोडवावा लागतो. पीळ उतरतो. वेढा उठतो. घडी उलगडते. वीण उसवते. फास सैल होतो, नाहीतर कापावा लागतो. कोड्याची उकल होते. या जोड्या मराठी माणूस चुकत नाही. ‘गुंता उसवला’ असे कोणी म्हणणार नाही, कारण उसवायला आधी टाका लागतो, टाक्याला क्रम लागतो, आणि गुंत्यात क्रमच नसतो. म्हणून ज्या संकल्पनेला शब्द शोधायचा ती नाहीशी कशी होते, हे आधी ठरवावे. उलट क्रियापद हाती आले की नाम बहुधा पाठोपाठ येते.

दुसरा प्रश्न: हे कोणी केले? ओवणे, गुंफणे, विणणे, वळणे या चारही क्रियांना हात लागतो. ओवताना दोरा भोकातून सरळ जातो. गुंफताना तो एका देठाला वेढा घालून पुढच्या देठाशी जातो. विणताना धागे एकमेकांच्या वरून-खालून जातात. वळताना तंतू स्वतःभोवतीच फिरतात. गुंतणे, अडकणे, गुरफटणे यांना कोणाचा हात लागत नाही. ती होऊन बसतात. या दोन गटांच्या मध्ये ‘गोवणे’ उभे आहे, आणि बातम्यांमध्ये सर्वाधिक घोटाळा तिथेच होतो. ‘त्याला प्रकरणात गोवले’ म्हटले की कोणीतरी मुद्दाम केले, बहुधा अन्यायाने, असे वाचकाला कळते. ‘तो प्रकरणात गुंतला आहे’ यात त्याचा स्वतःचा सहभाग आला. ‘तो प्रकरणात अडकला’ यात दोष कोणाचा हे उघडे राहते, सुटका होत नाही एवढेच समजते. इंग्रजी मूळ मजकुरात ‘इम्प्लिकेट’ दिसले की सरसकट ‘गोवले’ लिहिणारा अनुवादक नकळत निकाल देऊन बसतो. लॅटिन ‘इंप्लिकारे’चा मूळ अर्थ ‘आत दुमडून घेणे’ असा होता.

‘गुंतणे’बद्दल एक बारकावा लक्षात ठेवावा. नाम वाईट आहे, क्रियापद मऊ आहे. गुंता कोणालाच नको असतो, पण मन गुंतते, जीव गुंततो, माणूस कामात गुंतलेला असतो, आणि पैसे तर आपण होऊन गुंतवतो. ‘गुंतवणूक’ शब्दातली प्रतिमा फार अचूक आहे: पैसा गेलेला नाही, पण मोकळाही नाही, काढायचा म्हटला तर सोडवून घ्यावा लागतो. इंग्रजी ‘इन्व्हेस्ट’च्या मुळाशी लॅटिनमधले ‘वस्त्र चढवणे’ आहे. दोन्ही शब्द कापडाच्याच घरातले, पण मराठीने धाग्याचे अडकणे घेतले आणि लॅटिनने अंगावरचा पोशाख.

आता पिळाकडे. युरोपातल्या काही भाषांत ‘ट्विस्ट’, ‘ट्वाइन’ यांसारख्या शब्दांत ‘दोन’ हा आकडा का लपलेला असतो, हे शब्द उलटसुलट करून कळत नाही. दोरा हातात घ्यावा लागतो. साधारण एक मीटर सुती दोरा घ्या. एक टोक कडीला बांधा, दुसरे चिमटीत धरून एकाच दिशेने पिळत राहा. दोरा ताठ होतो, आखडतो, आणि जरा सैल सोडला की अंगावर छोटे छोटे वळसे उठतात. या टप्प्यावर दोरा मध्यभागी दुसऱ्या हाताने पकडून दोन्ही टोके एकत्र आणा आणि मधला भाग सोडा. दोन्ही अर्धे एकमेकांभोवती आपोआप वळतात, पहिल्या पिळाच्या उलट दिशेने, आणि अर्ध्या मीटरपेक्षा थोडी कमी लांबीची दुपेडी दोरी तयार होते. ती पुन्हा सुटत नाही. प्रत्येक पेड आपला पीळ उतरवू पाहतो. तो उतरवताना जोडीला उलट वळवतो. दोन्ही ओढी बरोबरीत आल्या की दोरी स्थिर होते. दोन्ही वेळा एकाच दिशेने पीळ दिला तर ओढ वाढतच जाते, दोरी आखडते, आणि हात काढताच उलगडून जाते. नवशिक्याची दोरी फसते ती बहुतेक याच चुकीने.

पिळाची दिशा सांगताना ‘उजवा-डावा’ म्हणणे धोक्याचे आहे, कारण बघणारा कुठे उभा आहे यावर ते फिरते. वेलींचे वर्णन करणाऱ्या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांत यावरून बराच गोंधळ झाला: काही जण वेटोळ्याच्या आत उभे राहिल्यासारखे लिहीत, काही बाहेरून बघितल्यासारखे. सूतव्यवसायाने यावर सोपा तोडगा काढला. दोरी उभी धरायची. समोरच्या तिरक्या रेषा डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर तो झेड पीळ, उजवीकडून डावीकडे वर चढत असतील तर एस पीळ. त्या रोमन अक्षरांचा मधला भाग तसाच कलतो. नेहमीचा स्क्रू, डीएनएची नेहमीची रचना आणि हरणखुरीची वेल हे तिघेही झेडच्या बाजूचे आहेत. यासाठी मराठीत ‘मळसूत्र’ हा नेमका शब्द पडून आहे. ‘सर्पिल’ सपाट पृष्ठभागावरच्या वेटोळ्याला द्यावा आणि ‘मळसूत्र’ उंची चढत जाणाऱ्या वळणाला. ‘स्पायरल’ आणि ‘हेलिक्स’ यांतला फरक मग आपोआप सांभाळला जातो.

या दुपेडी दोरीतूनच इंग्रजी ‘ट्वाइन’ आला: मूळ अर्थ दुहेरी दोरा. जर्मन ‘त्स्वर्न’ तोच. ‘ट्विस्ट’सुद्धा दोनच्याच कुळातला, पण डच भाषेत ‘ट्विस्ट’ म्हणजे भांडण, आणि जर्मनमध्ये ‘त्स्विस्ट’ म्हणजे बेबनाव. दोन पेड एकमेकांभोवती वळले की दोरी आणि एकमेकांपासून फिरले की कलह. शब्द मात्र एकाच आकड्यातून निघाले. आपल्याकडे दुही, दुफळी, द्वंद्व, द्विधा हे सगळे याच दोनाचे. फक्त मराठीने दोरीसाठी ‘दोन’ न घेता ‘पेड’ घेतला आणि आकडा पुढे लावला: दुपेडी, तिपेडी. ही सोय अनुवादात वापरली पाहिजे. ‘डबल स्ट्रँडेड’ला ‘दुपेडी’ म्हटले तर तळटीप लागत नाही.

‘पीळ’ शब्दाचे कूळ याहून विलक्षण आहे. संस्कृत ‘पीडयति’ म्हणजे दाबतो. प्राकृतात त्याचे ‘पीलइ’ झाले आणि मराठीत ‘पिळणे’. म्हणजे पीडा आणि पीळ सख्खी भावंडे. एकीने तत्सम वेशात दुःखाचा अर्थ घेतला, दुसरा ओल्या कपड्यातून पाणी काढायला राहिला आणि तिथून दोरीत शिरला. लॅटिनमध्ये हाच प्रवास उलट्या दिशेने झाला. ‘टॉर्क्वेरे’ म्हणजे पिळणे. त्यातून यंत्रशास्त्रातला ‘टॉर्क’ आणि ‘टॉर्शन’ आले, आणि ‘टॉर्चर’ व ‘टॉर्मेंट’ही. आपण दाबण्यातून पिळाकडे आलो, ते पिळण्यातून यातनेकडे गेले, आणि दोघांनाही शरीर व दोरी एकाच शब्दात बसवता आली. संस्कृतातला ‘तर्कु’, म्हणजे सूत कातायची चाती, हा टॉर्क्वेरेचा नातेवाईक धरला जातो. ‘तर्क’ म्हणजे विचार हाही त्याच घरचा, असे काही अभ्यासक मांडतात, पण ते सर्वमान्य नाही. लेखात वापरायचे तर ‘असे मानतात’ एवढ्या बेताने वापरावे. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण मात्र बिनधास्त वापरावी, कारण ती निरीक्षण म्हणून खरी आहे: दोरी न हलवता जळू दिली तर राखेतसुद्धा वळणे तशीच दिसतात. आकार पदार्थापेक्षा टिकाऊ निघाला, हे चार शब्दांत दुसऱ्या कुठल्या प्रतिमेने सांगता येईल?

वळण्याचे आणखी एक मोठे कूळ आहे. संस्कृत ‘वल्’, मराठी वळणे, वळण, वळसा, वलय, लॅटिन ‘वॉल्वेरे’, त्यातून ‘इव्हॉल्व्ह’ आणि ‘इन्व्हॉल्व्ह’, ग्रीक ‘हेलिक्स’. हे सगळे एका मुळाकडे जातात. ‘वेढणे’ मात्र यातले नाही. ते संस्कृत ‘वेष्ट्’वरून, प्राकृत ‘वेढइ’ मार्गे आले. ‘वेष्टन’ आणि ‘वेढा’ एकाच धातूचे आहेत हे कानाला पटत नाही, पण ष्ट चा ढ होण्याची वाट सरळ आहे. व्युत्पत्ती ताडताना हीच शिस्त पाळावी: दोन शब्द सारखे ऐकू येतात म्हणून जोडू नयेत, मधली प्राकृत पायरी दाखवता आली तरच जोडावेत. ‘ग्रंथि’, ‘गंठि’, ‘गाठ’ या तीन पायऱ्या दाखवता येतात, म्हणून ‘गाठ’ आणि ‘ग्रंथ’ एका घरचे म्हणता येते. ‘गुंफण’ संस्कृत ‘गुम्फ्’वरून येते, त्या धातूचा अर्थच माळ गुंफणे, लेण्यातल्या ‘गुंफे’शी तिचा संबंध जोडायचा मोह आवरावा.

नुसता आवाज ऐकून अर्थ कसा वाहत जातो, याचा धडा ‘ओतप्रोत’मध्ये आहे. आज आपण ‘उत्साहाने ओतप्रोत भरलेला’ लिहितो आणि डोळ्यांसमोर काठोकाठ भरलेले भांडे येते, कारण कानात ‘ओतणे’ घुमते. मूळ शब्दात पाण्याचा थेंब नाही. ‘ओत’ म्हणजे लांबीच्या दिशेने विणलेले आणि ‘प्रोत’ म्हणजे आडवे विणलेले. दोन्ही ‘वे’, विणणे, या धातूची रूपे. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते: हे सगळे पाण्यात ओत-प्रोत आहे, मग पाणी कशात ओत-प्रोत आहे? त्या उत्तरावर ती पुन्हा तोच प्रश्न करते, आणि एकेक लोक चढत जाते. ताणा आणि बाणा डोळ्यांसमोर ठेवून वाचले की प्रश्नाची धार लक्षात येते: कापड ज्या मागावर चढवले आहे तो माग कुठे आहे, असे ती विचारते आहे. भांडे डोळ्यांसमोर ठेवून वाचले तर सगळा प्रश्न पाण्यातच बुडतो.

लिखाणासाठीचे कितीतरी शब्द तर धाग्याचेच निघतात. ‘सूत्र’ म्हणजे दोरा. ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेले, बांधलेले. ताडपत्रांच्या भोकांतून दोरी ओवून पोथी बांधत, त्यामुळे शब्दांची गुंफण आणि पानांची बांधणी हे दोन्ही अर्थ त्या शब्दात सुखाने नांदले. ‘निबंध’, ‘प्रबंध’ बांधलेले. तमिळमध्ये ‘नूल’ म्हणजे दोरा आणि ‘नूल’ म्हणजेच ग्रंथ. बौद्ध सूत्रे चिनीत गेली तेव्हा ‘सूत्र’साठी ‘चिंग’ शब्द योजला गेला, आणि त्याचा मूळ अर्थ मागावरचा उभा धागा, ताणा. लॅटिन ‘टेक्स्टुस’ म्हणजे विणलेले, तिथून ‘टेक्स्ट’. त्याचे मूळ आणखी मागे नेले तर ते संस्कृत ‘तक्ष्’, म्हणजे लाकूड तासणे, याला जाऊन मिळते. मग ‘सुतार’ हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही: तो ‘सूत्रधार’वरून आला, लाकडावर सूत धरून रेघ आखणारा. विणकर आणि सुतार शब्दांत एकमेकांची हत्यारे बाळगून आहेत.

या सगळ्यांत ‘संदर्भ’ सर्वांत देखणा. ‘दृभ्’ म्हणजे ओवणे, गुंफणे. ‘संदर्भ’ म्हणजे एकत्र गुंफलेले. इंग्रजी ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे एकत्र विणलेले. कोणी कोणाचे भाषांतर केलेले नाही, तरी दोन्ही भाषांनी वाक्याच्या आजूबाजूचा मजकूर कापडासारखाच पाहिला. आज मराठीत ‘संदर्भ’ दोन कामे करतो, कॉन्टेक्स्टचे आणि रेफरन्सचे, आणि त्यातून गफलत होते. ‘संदर्भ सोडून बोलणे’ यात पहिला आहे, ‘संदर्भ क्रमांक’ यात दुसरा. दोन्ही एकाच परिच्छेदात आले तर दुसऱ्यासाठी ‘दाखला’ किंवा ‘हवाला’ घ्यावा.

गाठीचे शब्द कराराकडे जातात. प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडी भाषेत ‘रकासु’ म्हणजे बांधणे आणि ‘रिकसातुम्’ म्हणजे करार. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यातले १२८वे कलम सांगते की असा करार केल्याशिवाय घरात आणलेली स्त्री पत्नी ठरत नाही. अरबीत ‘अक्द’ म्हणजे करार, ‘उक्दा’ म्हणजे गाठ, आणि ‘मुअक्कद’ म्हणजे क्लिष्ट. फारसीतून आलेला आपला ‘बंदोबस्त’ एकाच क्रियापदाची दोन रूपे जोडून झाला आहे: ‘बंद’ आणि ‘बस्त’, बांधणे आणि बांधलेले. फारसीचा ‘बंद’, आपले ‘बांधणे’ आणि इंग्रजीचे ‘बाइंड’ हे पुन्हा एकाच मुळाचे. म्हणजे मराठीने आपलेच जुने सोयरे फारसीच्या वाटेने परत घरात घेतले.

गाठ स्मरणासाठीही असते, आणि इथे ‘खूणगाठ’ला दक्षिण अमेरिकेत जोड सापडते. क्वेचुआ भाषेत ‘खिपू’ म्हणजे गाठ, आणि इंका राज्याची मोजदाद ज्या दोऱ्यांवर ठेवली जाई त्यांनाही खिपूच म्हणत. त्यांतली संख्यांची पद्धत दशमान होती: एककाच्या गाठी दोरीच्या खालच्या टोकाजवळ, दशकाच्या त्यावर, शतकाच्या आणखी वर. दशक-शतकासाठी साध्या गाठींचा झुपका. एककासाठी लांब गाठ, तिच्यात जितके वेढे तितका अंक. पण एका वेढ्याची लांब गाठ होतच नाही, ती साधी गाठ होऊन बसते, म्हणून १ साठी आठच्या आकाराची वेगळी गाठ. लिपी दोरीच्या मर्यादेशी किती प्रामाणिक राहिली, हे या एका अपवादात दिसते. शून्यासाठी जागा रिकामी.

सुटण्याचा शब्द कसा अर्थ ठरवतो ते नाट्यशास्त्रात फार स्पष्ट दिसते. अॅरिस्टॉटल कथानकाचे दोन भाग करतो: ‘देसिस’, बांधणे, आणि ‘ल्यूसिस’, सोडणे. फ्रेंच ‘देनुमाँ’ तेच सांगतो: गाठ सोडवणे. भरताच्या नाट्यशास्त्रात मात्र पाच ‘संधी’ आहेत, म्हणजे सांधे, आणि शेवटच्या निर्वहण संधीच्या अंगांपैकी एकाचे नाव ‘ग्रथन’. ग्रीक नाटक शेवटी गाठ सोडते, संस्कृत नाटक शेवटी विखुरलेले धागे गुंफून घेते. म्हणून संस्कृत नाटकावर लिहिताना ‘अखेरीस गुंता सुटतो’ असे लिहू नये. तिथे ‘धागे जुळून येतात’ हेच बरोबर. मुंडक उपनिषदातली हृदयग्रंथी तर सुटतही नाही आणि जुळतही नाही, ती ‘भिद्यते’, फुटते. क्रियापद बदलले की तत्त्वज्ञान बदलते. पोलिसांना ‘धागेदोरे’ सापडतात तिथेही हेच: इंग्रजी ‘क्लू’ मूळचा सुताचा गुंडा आहे, चक्रव्यूहातून माग काढत बाहेर यायला उपयोगी पडणारा. दोन्ही भाषांत गुन्हा म्हणजे गुंता आणि तपास म्हणजे टोक हाती लागणे.

‘कॉम्प्लेक्स’ने मात्र आपल्याला चकवले. लॅटिनमध्ये तो ‘एकत्र वेणी घातलेला, कवेत घेतलेला’. मराठीत त्याचे किती तुकडे झाले पाहा: मानसशास्त्रात ‘गंड’, म्हणजे मुळात गाठ नव्हे, फोड किंवा सूज, गणितात ‘संमिश्र’, इमारतींसाठी ‘संकुल’, एरवी ‘जटिल’, म्हणजे जटा झालेला. हे वाईट झाले असे मला वाटत नाही. ‘न्यूनगंड’ हा शब्द मनातल्या दुखऱ्या फुगवट्याचे जे चित्र देतो ते कुठल्याही वेणीने दिले नसते. एका परक्या शब्दाला चार घरांत चार नावे मिळाली आणि चारही रुळली. एन्टँगलमेंटच्या बाबतीत हीच मोकळीक घ्यावी असे सुचवण्यामागे हा दाखला आहे.

तर आता मूळ प्रश्न. १९३५ साली भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगरने या संकल्पनेला दोन नावे दिली: इंग्रजी लेखात ‘एन्टँगलमेंट’ आणि जर्मन लेखात ‘फेरश्रेंकुंग’. ही दोन नावे एकमेकांची भाषांतरे नाहीत. जर्मनमध्ये हाताची घडी घालण्याला हेच क्रियापद वापरतात: एक हात दुसऱ्यावरून, दुसरा पहिल्याखालून, नीटनेटके. त्यात पसारा नाही, अपघात नाही. इंग्रजी शब्दात आहे. पुढच्या भाषांना त्यामुळे दोन वाटा मिळाल्या. स्पॅनिशने ‘एन्त्रेलासामिएन्तो’ घेतला, ‘लासो’ म्हणजे बंध, फास. एकमेकांत फिती ओवण्याचे चित्र. अरबीने ‘तशाबुक’ घेतला. त्या शब्दाच्या घडणीतच परस्परता आहे, आणि बोटांत बोटे गुंतवण्यासाठी याच मुळाचा शब्द आहे. रशियनने गुंत्याची वाट धरली: ‘झापूतान्नस्त’, ज्याच्या मुळाशी घोड्याच्या पायांतले दोर आहेत, म्हणजे आपला ‘पायबंद’च. जपानी ‘मोत्सुरे’ केसांचा आणि धाग्याचा गुंता. चिनी ‘ज्यूछान’ची दोन्ही अक्षरे रेशमाच्या खुणेने सुरू होतात, आणि त्यातल्या पहिल्याचा अर्थ जुन्या चिनी कोशात ‘तीन पेडांची दोरी’ असा दिला आहे. फ्रेंचने तर कामाची विभागणीच केली: कणांसाठी ‘अँत्रिकासिओं’ आणि पॉलिमरच्या साखळ्यांसाठी ‘आँशव्हेत्रमाँ’, म्हणजे घोड्याचा पाय दाव्यात अडकणे.

सर्वांत शिकण्यासारखे हिब्रूने केले. बायबलमध्ये झुडुपाच्या जाळीत शिंगे अडकलेला मेंढा आहे; त्या जाळीचा शब्द ‘सवाख’. त्याच बायबलमध्ये तंबूच्या पडद्यांसाठी पीळ देऊन वळलेले तागाचे सूत आहे. त्याचा शब्द ‘मोश्झार’. आधुनिक हिब्रूत पहिल्या मुळावरून क्लिष्टतेचे सगळे शब्द झाले, वैद्यकीय ‘कॉम्प्लिकेशन’पासून संगणकशास्त्रातल्या ‘कॉम्प्लेक्सिटी’पर्यंत, आणि क्वांटम एन्टँगलमेंटसाठी दुसऱ्या मुळावरचा ‘श्झिरा’ घेतला गेला. काट्यांची जाळी एकीकडे, वळलेले सूत दुसरीकडे.

मराठीची गरज हुबेहूब हीच आहे. शस्त्रक्रियेनंतर ‘गुंतागुंत’ होते, समस्या ‘गुंतागुंतीची’ असते. क्वांटम संगणनात कॉम्प्लेक्सिटी हा स्वतंत्र विषय आहे. ‘क्वांटम गुंतागुंत’ असे लिहिले की वाचक त्यातून ‘क्वांटमची क्लिष्टता’ वाचतो, आणि लेखक पुढच्याच पानावर अडचणीत येतो. ‘सहसंबंध’ही नको, तो साध्या कोरिलेशनला लागतो, आणि एन्टँगलमेंटचे वेगळेपण नेमके तिथेच आहे की साध्या सहसंबंधाने तिचे स्पष्टीकरण होत नाही.

‘गुंफण’वर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. एक, गुंफायला कोणीतरी लागतो. कण तर परस्परक्रियेतून तसे होतात. म्हणून क्रियापद कर्मणी ठेवावे: ‘दोन कण गुंफले जातात’, आणि नामाला ‘परस्पर’ जोडावे. दोन, गुंफण म्हटले की मधून एक दोरा गेला आहे आणि त्यावरून निरोप जातो, असे चित्र उभे राहते. हे चित्र चुकीचे आहे, पण ते दुसऱ्या कुठल्याही शब्दाने टळत नाही. पहिल्या वापरालाच एक वाक्य लिहून ते खोडावे: संपूर्ण जोडीची अवस्था पूर्ण माहीत असते, पण एकेका कणाची स्वतंत्र अवस्था सांगताच येत नाही, आणि या नात्यातून संदेश पाठवता येत नाही. ‘ओवणे’पेक्षा ‘गुंफणे’ इथे उजवे ठरते ते याचमुळे: ओवलेला मणी काढला तरी मणीच राहतो, गुंफलेल्या रचनेतला घटक एकटा सांगितला की रचना हरवते.

उलट क्रियापदाची कसोटीही इथे लागू होते. मोजमाप केले की कणांची ही अवस्था संपते. तिथे ‘गुंफण तुटते’ चालते, ‘गुंता सुटतो’ चालत नाही, कारण कोणी काही उकललेले नसते. वापरायची रूपे अशी पडतात: परस्परगुंफण, परस्परगुंफित कण, गुंफित अवस्था, गुंफण मोडणे. ‘क्वांटम’ तसाच ठेवावा किंवा ‘पुंज’ घ्यावा, पण एका लेखात एकच.

पॉलिमरचे गणित वेगळे. तिथे साखळ्या खरोखर एकमेकींत अडकतात, त्यांना क्रम नाही, आणि सुटायला वेळ लागतो. साखळी एका मर्यादेपेक्षा लांब झाली की वितळलेल्या पदार्थाचा दाटपणा एकदम चढू लागतो: मर्यादेखाली तो साधारण रेणुभाराच्या प्रमाणात वाढतो, मर्यादेवर रेणुभाराच्या जवळपास ३.४ व्या घातात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेनने १९७१ मध्ये मांडले की अशी साखळी आजूबाजूच्या गर्दीतून आडवी निसटू शकत नाही, ती आपल्याच लांबीच्या वाटेने सापासारखी पुढे-मागे सरकत बाहेर पडते. इथे ‘गुंफण’ लिहिले तर वाचक विणलेले कापड पाहील आणि दाटपणा का वाढतो तेच कळणार नाही. ‘साखळ्यांचा गुंता’ आणि ‘गुंत्यातून सरपटत सुटणे’ हेच शब्द इथे खरे.

समुद्रातला देवमासा किंवा कासव मासेमारीच्या दोरांत सापडते, तेव्हा दोर अंगाभोवती फिरलेला असेल तर ‘गुरफटले’, शरीराचा एखादाच भाग जाळ्याच्या घरात शिरला असेल तर ‘अडकले’. सोडवणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे: अडकलेला पर मोकळा करायला जाळीचे एक घर कापले तरी पुरते, गुरफटलेला दोर कुठून सुरू होतो ते आधी शोधावे लागते.